जुन्या भांड्यांचा मूल्यवर्धक पुनर्वापर : मोर्शी परिसरातील घरगुती भांड्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

वऱ्हाडातील घराघरांत पितळ, तांबे, कासे व चिनी माती यांची जुनी भांडी वापराविना पडून आहेत. त्यांपैकी बरीचशी वजनाच्या भावाने मोडीत जातात. अशा भांड्यांपासून पाहुणचाराची शोभिवंत तबके व वाढणीची पात्रे तयार करता येतात. मात्र जुने भांडे पुन्हा अन्नाजवळ आणताना धातूचे व लुकणाचे रसायनशास्त्र दुर्लक्षित करून चालत नाही. भांड्याचा कोणता पृष्ठभाग अन्नाला स्पर्श करणार आणि कोणता केवळ आधार देणार, हे प्रथम ठरविणे हा या पुनर्वापराचा मूलभूत नियम होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : मोड, घडणावळ, कल्हई, मूल्यवर्धक पुनर्वापर, अन्नस्पर्शी पृष्ठभाग.

१. प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर पुढे ज्या नावाने महाराष्ट्रभर ओळखले गेले, ते नाव एका मातीच्या भांड्यावरून पडले. गाडगेबाबांचे फुटके गाडगे हे त्यांचे जेवणाचे पात्र होते आणि तेच वाटचालीत डोक्यावर पालथे घातले जाई. फुटलेल्या भांड्याची उपयुक्तता फुटल्याबरोबर संपत नाही, ही गोष्ट वऱ्हाडातील माणसाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या आधी या संताच्या वेषाने शिकविली आहे.

हीच गोष्ट आजच्या मध्यमवर्गीय घरात वेगळ्या स्वरूपात समोर येते. मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या परिसरातील जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत पितळी कोपर, गुंड, घंगाळ, चरवी, गडवा, पानदान, कल्हईचे गंज आणि कप फुटून एकट्या उरलेल्या बश्या सापडतात. घराची वाटणी, नवे बांधकाम किंवा शहरातील स्थलांतर अशा प्रसंगी या भांड्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर भांड्यांच्या दुकानातील तराजूवर दिले जाते. या उत्तराला पर्याय आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटींवर स्वीकारावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. संकल्पना आणि मोडीचे अर्थशास्त्र

टाकाऊ वस्तू वितळवून किंवा दळून तिच्यातील कच्चा माल परत मिळविणे म्हणजे पुनर्चक्रण. वस्तू आहे त्याच कामासाठी पुन्हा वापरणे म्हणजे पुनर्वापर. वस्तूचा आकार व कारागिरी कायम ठेवून तिला पूर्वीपेक्षा अधिक मोलाचे काम देणे, याला इंग्रजीत ‘अपसायकलिंग’ ही संज्ञा रूढ झाली असून मराठीत तिला ‘मूल्यवर्धक पुनर्वापर’ असे म्हणता येईल. ही संज्ञा जर्मन अभियंता राइनर पिल्झ यांनी १९९४ साली ‘साल्व्हो’ या जुन्या बांधकाम साहित्याविषयीच्या नियतकालिकात वापरली. चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करण्याच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. अशा पुनर्चक्रणात वस्तूचे मोल वाढत नाही, उलट घटते, असे त्यांचे म्हणणे होते.

हा आक्षेप पितळी भांड्यालाही लागू पडतो. नव्या भांड्याच्या किमतीत धातूचे मोल, घडणावळ आणि व्यापाऱ्याचा नफा असे तीन घटक असतात. तेच भांडे मोडीत देताना फक्त धातूचे वजन मोजले जाते आणि त्यातूनही घट वजा होते. उदाहरणादाखल, एखाद्या परातीच्या १०० भाग किमतीत धातूचे ७० भाग आणि घडणावळ व नफ्याचे ३० भाग मानले, आणि मोडीत एकदशांश घट धरली, तर हाती केवळ ६३ भाग येतात. कारागिराने हातोडीने ठोकून दिलेला आकार, काठाची गोलाई, तळाची जाडी या सर्वांची किंमत या व्यवहारात शून्य ठरते.

मोड ही व्यवस्था मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. धातूचा कण वाया जाऊ न देणारी ती एक जुनी व कार्यक्षम पद्धती आहे. गळके, चिरलेले, तळ झिजलेले भांडे मोडीत जाणेच योग्य. प्रश्न आहे तो धड भांड्यांचा. ज्याची घडण शाबूत आहे ते भांडे भट्टीत घालणे म्हणजे त्यातील श्रम जाळणे होय.

३. भांड्यांचे स्थित्यंतर

विदर्भातील भंडारा हे शहर पितळी भांड्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याची तांबट आळी मठारकामासाठी ओळखली जाते. मठारकामात तांब्याच्या पृष्ठभागावर हातोडीचे सारखे ठोके दिले जातात. त्यामुळे भांड्याला चमक तर येतेच, शिवाय धातू ठोकला गेल्याने अधिक कठीण होतो. म्हणजे शोभा आणि टिकाऊपणा ही एकाच कृतीची दोन फळे आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलने हे चित्र पालटले. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंचेने घासावे लागत नाही, आणि ते वजनाला हलके असते. घरातील स्त्रीच्या श्रमांच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्हच होता. पितळेच्या आठवणीत रमताना तो रोज घासण्याचे कष्ट कोणी उपसले, याचे विस्मरण होऊ नये. पितळ पुन्हा रोजच्या स्वयंपाकात आणावे असा आग्रह म्हणूनच अव्यवहार्य ठरतो. सणावाराला, पाहुणचाराला व समारंभाला मर्यादित वापर, हे त्याचे आजचे योग्य स्थान होय.

जुने किंवा दुसऱ्याने वापरलेले भांडे स्वीकारण्याबाबत आपल्या समाजात एक सूक्ष्म भेद आढळतो. स्मृतिग्रंथांतील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणांत धातूची भांडी क्षार, आम्ल व पाणी यांनी शुद्ध होतात असे सांगितले आहे. राख आणि चिंच ही त्याचीच घरगुती रूपे. मातीचे भांडे मात्र सच्छिद्र असल्यामुळे एकदा विटाळले की टाकून देण्याकडे कल असे. त्यामुळे वापरलेली पितळी परात विकत घेण्यात कोणाला संकोच वाटत नाही, पण वापरलेली कपबशी घेताना वाटतो. या भेदामागे सोवळ्या-ओवळ्याची कल्पना असली, तरी सच्छिद्र व अच्छिद्र पृष्ठभागांतील फरकाचे व्यवहारज्ञानही आहे. पुढील विवेचनात हा फरक महत्त्वाचा ठरणार आहे.

४. धातू आणि अन्न

आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत राहिला की तो ‘कळकतो’, हे प्रत्येक जुन्या गृहिणीला ठाऊक होते. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. दही, ताक, चिंच, लिंबू यांतील आम्लांची तांब्याशी अभिक्रिया होऊन तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. चव बिघडते, मळमळ व उलट्या होतात. दमट हवेत भांड्यावर चढणारा हिरवट थरही तांब्याच्या संयुगांचाच असतो.

यावरचा परंपरागत उपाय म्हणजे कल्हई. भांडे तापवून त्यात नवसागर टाकला जातो. उष्णतेने त्याचे विघटन होऊन निघणारे आम्लधर्मी द्रव्य धातूवरील गंजाचा थर काढून टाकते. त्यानंतर लावलेले कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि कापसाच्या बोळ्याने पुसताच आतून रुपेरी लेप बसतो. कथिलात स्वस्ताईसाठी शिसे मिसळले असल्यास मात्र संरक्षण करणारा लेपच अपायकारक ठरतो. म्हणून कल्हईसाठी शुद्ध कथिल वापरले जात आहे याची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

कायद्यानेही ही बाब मान्य केली आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ आणि त्यानंतर अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ चे विनियम यांमध्ये योग्य कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, गंजलेली भांडी आणि टवके उडालेली तामचिनीची भांडी अन्न तयार करण्यास व साठविण्यास अयोग्य मानली गेली. घरगुती शहाणपण आणि शासकीय नियम यांचे येथे एकमत दिसते.

मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा असल्यामुळे या प्रश्नाला स्थानिक महत्त्व आहे. पितळी परातीत मांडलेली संत्री दिसावयास अत्यंत सुंदर दिसतात, आणि सालीसकट अखंड फळ तेथे ठेवण्यात कोणताही धोका नाही. परंतु त्याच परातीत सोललेल्या फोडी ठेवल्या तर सायट्रिक आम्लयुक्त रस थेट धातूला लागतो. फळ एकच, भांडे एकच. फरक केवळ सालीचा. अन्नस्पर्शी पृष्ठभाग कोणता, हा विचार किती व्यावहारिक आहे हे यावरून ध्यानात येईल.

तळलेल्या पदार्थांबाबतही एक सावधगिरी आवश्यक आहे. तांबे हे तेलाच्या ऑक्सिडीकरणास वेग देते. त्यामुळे शंकरपाळे किंवा चिवडा पितळी तबकात तासाभरासाठी वाढण्यास हरकत नसली, तरी त्यात साठवून ठेवल्यास ते लवकर खवट होतात.

५. चिनी माती, काच, तामचिनी व मुलामा

चिनी मातीच्या जुन्या भांड्यांत धोका डोळ्यांना दिसत नाही. काही जुन्या लुकणांत शिसे आणि लाल, नारिंगी व पिवळ्या रंगांत कॅडमियम वापरले जाई. लुकणाच्या वर काढलेली, हाताला उंचवट्यासारखी लागणारी नक्षी विशेष शंकास्पद मानावी, कारण तिच्यावर संरक्षक थर नसतो. लोणचे, कढी, सरबत यांसारख्या आम्लयुक्त पदार्थांत ही द्रव्ये विरघळू शकतात. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो; म्हणून येथे शंकेचा फायदा भांड्याला न देता खाणाऱ्याला दिला पाहिजे. ज्याचे मूळ ठाऊक नाही अशी रंगीत बशी वेष्टनातील किंवा सालीसकटच्या पदार्थांपुरती मर्यादित ठेवणे इष्ट. भांड्याला केसाएवढी चीर असल्यास तिच्यात ओलावा व जंतू साचतात. असे भांडे अन्नासाठी बाद समजावे.

तामचिनीच्या थाळीचा टवका उडाला की खालचे लोखंड गंजते आणि सुटलेले कण अन्नात जाऊ शकतात. तिचा उपयोग तळाचा आधार म्हणून करता येतो. चांदीसारख्या दिसणाऱ्या भांड्यांबाबत खरेदीच्या वेळी फसगत होते. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाच्या मिश्रधातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल व जस्त यांचा बनलेला असतो. मुलामा झिजून खालचा पिवळसर किंवा करडा धातू दिसू लागला असेल, तर त्या पात्रालाही पितळेचेच नियम लावावेत.

६. रचनेची तत्त्वे व काही नमुने

वरील विवेचनातून रचनेचे एक सूत्र हाती येते. जुने भांडे आधार देईल, शोभा देईल. अन्नाला स्पर्श करणारा पृष्ठभाग मात्र स्टील, निर्दोष काच, ताजी कल्हई किंवा पान यांचा असेल. या सूत्रावर आधारित काही नमुने पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) घंगाळातील पेयपात्र : विदर्भातील उन्हाळ्यात पन्हे किंवा ताक देताना पितळी घंगाळात बर्फ भरून त्यात स्टीलचा गंज बसवावा. पेय स्टीलमध्ये राहते, बर्फ पितळेत राहतो आणि पाहुण्याच्या नजरेस घंगाळ येते. आंबट पेय थेट घंगाळात ओतणे पूर्णतः वर्ज्य होय.

(आ) कोपर व पत्रावळ : कणीक मळण्याच्या पितळी कोपरात पळसाची पत्रावळ किंवा केळीचे पान अंथरून त्यावर करंज्या, लाडू, तिळगुळाच्या वड्या मांडता येतात. पत्रावळीतून रस झिरपतो, हे लक्षात घेऊन ओल्या पदार्थांसाठी काचेची वाटी ठेवावी.

(इ) मजल्यांचे तबक : मोठे ताट, मधले ताट व लहान बशी अशी उतरती मांडणी करून मधोमध गडवा व फुलपात्र ठेवल्यास दोन किंवा तीन मजली तबक तयार होते. इंग्रजी चहापानातील मजली तबकाचे हे देशी रूप म्हणता येईल. सर्वांत रुंद भांडे तळाशी असावे. गडव्यात स्वच्छ कोरडी वाळू भरल्यास गुरुत्वमध्य खाली येऊन तबक डगमगत नाही. सांध्यात रबरी चकत्या ठेवाव्यात आणि वरच्या मजल्यावर हलके, कोरडे पदार्थच ठेवावेत. भरलेले तबक उचलून नेण्याऐवजी जागेवर मांडूनच भरणे सुरक्षित असते.

(ई) पानदानाचे मुखवासपात्र : पानदानातील कप्पे मुळातच वेगवेगळ्या पदार्थांसाठी केलेले असतात. बडीशेप, सुपारी, खडीसाखर, लवंग यांसाठी ते जवळजवळ जसेच्या तसे वापरता येते. येथे बदल जितका कमी तितका चांगला.

सांधण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. दोन नळ्यांतून मिळणारे एपॉक्सी चिकटद्रव्य सोयीचे असले तरी गरम पाण्याने त्याची पकड सैल होऊ शकते आणि अन्नाशी त्याचा संपर्क येऊ देऊ नये. बशांना छिद्र पाडावयाचे असल्यास हिऱ्याच्या कणांचे टोक असलेला गिरमिट मंद गतीने व पाण्याची धार ठेवून वापरावा. पाण्यामुळे बशी तडकत नाही आणि श्वसनास अपायकारक असलेली धूळ उडत नाही. डोळ्यांवर चष्मा असणे आवश्यक. छिद्राच्या कडेला लुकण नसल्याने तेथे ओल शिरते, म्हणून स्क्रूच्या दोन्ही बाजूंस रबरी चकती घट्ट बसवावी. पितळेवर चमक टिकविण्यासाठी देण्यात येणारा पारदर्शक लाखी लेप फक्त बाहेरच्या बाजूस द्यावा. काळांतराने त्याचे पापुद्रे सुटतात.

जपानमध्ये फुटलेले पात्र लाखेसारख्या नैसर्गिक द्रव्याने सांधून त्या सांध्यावर सोन्याची पूड बसविण्याची ‘किन्त्सुगी’ ही कला आहे. तडा लपविण्याऐवजी तो पात्राच्या इतिहासाचा भाग मानण्याची ही दृष्टी आदरणीय आहे. परंतु बाजारातील सोनेरी रंग व चिकटद्रव्य वापरून केलेले तिचे अनुकरण शोभेपुरतेच ठेवावे.

७. भांड्यावरील नाव : एक दुर्लक्षित दस्तऐवज

लग्नातील आहेराच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावे घालण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र होती. देणाऱ्याचे नाव, कधी गाव, कधी प्रसंग व तारीख परातीच्या काठावर ठोकलेली आढळते. ज्या स्त्रियांची नावे शेतीच्या सातबाऱ्यावर कधी चढली नाहीत, त्यांची नावे भांड्यांवर मात्र सापडतात. कुटुंबाच्या नातेसंबंधांचा, आहेराच्या देवाणघेवाणीचा आणि स्त्रीधनाचा हा धातूवर लिहिलेला पुरावा आहे. भांडे मोडीत जाते तेव्हा धातू शिल्लक राहतो, पण नाव वितळते.

दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेल्या संग्रहातून पुण्याचे राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. अहमदाबाद येथे विशाला परिसरात १९८१ साली केवळ भांड्यांचे संग्रहालय स्थापन झाले. दैनंदिन वापराची वस्तू ही इतिहासाचे साधन असते, हे या दोन्ही प्रयत्नांनी सिद्ध केले. प्रत्येक घराला संग्रहालय होता येत नाही. पण संग्रहालयशास्त्रातील एक तत्त्व प्रत्येक घराला पाळता येते. वस्तूवर केलेला कोणताही उपचार पुढे पूर्ववत करता यावा, हे ते तत्त्व. त्यानुसार धातूच्या भांड्याला छिद्र पाडणे टाळावे, कोरलेल्या नावावर पॉलिशचे यंत्र फिरवू नये आणि बदल करण्यापूर्वी भांड्याचे छायाचित्र व त्यावरील मजकूर वहीत नोंदवून ठेवावा.

८. महाविद्यालयीन संदर्भ

हा विषय कोणत्याही एका विद्याशाखेत सामावत नाही. कळकण्याची अभिक्रिया रसायनशास्त्राची, मोडीचा हिशेब वाणिज्याचा, भांड्यांवरील नावे इतिहासाची, भांड्यांचे प्रादेशिक शब्द मराठीचे, आणि मांडणी व अन्नसुरक्षा गृहविज्ञानाची. गंज, गुंड, कोपर हे वऱ्हाडी शब्द भांड्यांबरोबरच वापरातून जात आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील दहा भांड्यांची नावे, धातू, वजन, कोरलेला मजकूर व आजचा उपयोग यांची नोंद केली, तरी अल्प खर्चात एक मोलाचे स्थानिक संकलन तयार होऊ शकते.

त्याला समकालीन निकडही आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. तरीही समारंभानंतर फेकलेल्या पात्रांचे ढीग दिसतातच. स्नेहसंमेलन किंवा चर्चासत्रातील अल्पोपाहारासाठी महाविद्यालयाने जुन्या भांड्यांचा एक संच जमवून वरील नियमांनुसार वापरल्यास, उपदेशापेक्षा अधिक परिणामकारक शिक्षण घडेल.

९. समारोप

जुन्या भांड्यांचा मूल्यवर्धक पुनर्वापर ही केवळ सजावटीची हौस नव्हे. त्यात कारागिराच्या श्रमाचा सन्मान, कौटुंबिक स्मृतीचे जतन आणि कचऱ्याला आळा या तिन्ही गोष्टी साधता येतात. परंतु सौंदर्याच्या भरात अन्नसुरक्षेकडे डोळेझाक झाली, तर पाहुणचाराचेच रूपांतर अपायात होईल. म्हणून गळके भांडे मोडीला द्यावे, धड भांडे राखावे, आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या धातूपासून व शंकास्पद लुकणापासून दूर ठेवावेत आणि कोरलेले नाव जपावे. एवढी पथ्ये पाळली, तर आजीच्या आहेरातील कोपर तराजूवर जाण्याऐवजी पुन्हा पाहुण्यांसमोर येईल, आणि तिच्या काठावरील नाव पुढच्या पिढीला वाचता येईल.